पाण्याचा मधला प्रवास

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातले रुग्ण हातापायांतली ताकद अचानक गेल्याची तक्रार घेऊन रुग्णालयांत येऊ लागले. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत जीबीएस. संशयित रुग्णांचा आकडा बघता बघता दोनशेपुढे गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. अशा वेळी माणूस नळ सोडून जारकडे धावतो. पण महापालिकेने त्या भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी तपासलं, तेव्हा त्यातलेही अनेक नमुने पिण्यास अयोग्य निघाले आणि ते प्रकल्प बंद करावे लागले.

नळाचं पाणी धोक्याचं आणि विकतचं पाणी खात्रीचं, ही आपली सोपी वाटणी इथे मोडून पडते. आणि नेमकी हीच वाटणी आपण प्रवासात सगळ्यात जास्त वापरतो. घरी आपल्याला टाकी माहीत असते, फिल्टर माहीत असतो. परगावी यातलं काहीच ठाऊक नसतं, म्हणून वीस रुपये टाकून आपण काळजी मिटवतो. पाणी नळाचं की बाटलीचं, हा प्रश्न खरं तर दुसरा. पहिला प्रश्न असा, की हे पाणी शेवटचं शुद्ध कुठे झालं आणि तिथून माझ्या ओठांपर्यंत येताना वाटेत त्याला काय काय भेटलं? या मधल्या प्रवासाचा अंदाज घेता आला, की कुठे नळाला ओंजळ लावायची आणि कुठे बाटली घ्यायची, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

नळाचा पहारेकरी

मुंबईला भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून पाणी मिळतं. त्यातलं बहुतेक पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होतं. आधी तुरटीसारखं रसायन घालून गाळ खाली बसवायचा, मग वाळूच्या थरांतून पाणी गाळायचं आणि शेवटी क्लोरीन द्यायचा. क्लोरीन जंतू मारतोच, पण त्याचा खरा उपयोग पुढे असतो. तो मुद्दाम थोडा जास्त घालतात, म्हणजे काम संपल्यावरही काही अंश पाण्यात शिल्लक राहतो आणि वाटेत एखादा जंतू शिरला तर त्याचाही समाचार घेतो. भारतीय मानकानुसार नळाच्या तोंडाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. नळाच्या पाण्यासोबत असा एक पहारेकरी चालत येतो. बाटलीतल्या पाण्याला तो नसतो, त्याच्याभोवती फक्त भिंत असते.

हेच काम गावात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर करते. विहिरीत किंवा टाकीत ती मोजून घालणं हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं काम. ती नीट पडली की नाही, हे ओटी चाचणीने कळतं. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि हलवून उजेडात धरायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ती पिवळी छटा सोबतच्या रंगपट्टीशी ताडून प्रमाण ठरवायचं. पाणी तसंच नितळ राहिलं, तर पहारेकरी वाटेतच गळाला, असं समजायचं. दिसायला नितळ पाणीच इथे नापास होतं. आरोग्य विभाग ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. लाल म्हणजे जोखीम मोठी. पंढरीच्या वाटेवर पालख्या यायच्या आधी मुक्कामाच्या गावांतल्या विहिरी, टाक्या आणि टँकर भरण्याची ठिकाणं याच पद्धतीने तपासली जातात, कारण लाखोंचा समुदाय एकाच वेळी तिथलं पाणी पिणार असतो.

प्रवासी काही खिशात ओटीची बाटली घेऊन फिरत नाही. पण नाक सोबत असतं. लॉजवरच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास आला की आपण नाक मुरडून ते ओतून देतो. खरं तर तो वास सौम्य असेल, तर ती त्या पाण्याच्या बाजूची साक्ष असते. पाणी उघड्या स्वच्छ भांड्यात थोडा वेळ ठेवलं की वास उडून जातो.

मग आपल्याकडे नळाचं पाणी बाधतं कशाने? बहुतेक वेळा दोष शुद्धीकरण केंद्राचा नसतो. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळी ‘सुटतं’ आणि उरलेला दिवस नळ कोरडा असतो. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, त्यामुळे बारीक फटीतून पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पाणी बंद झालं की दाब पडतो आणि त्याच फटींतून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यात कुणी लाइनवर मोटर लावली की ओढ आणखी वाढते. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाचं चोवीस तास पाण्यासाठी नाव झालं, त्यात सोयीचा भाग होताच, पण पाइपात सतत दाब राहतो हा आरोग्याचा भागही तितकाच मोठा. ओडिशातल्या पुरी शहराने जुलै २०२१ मध्ये चोवीस तास, थेट नळाला तोंड लावून पिता येईल असं पाणी द्यायला सुरुवात केली. जगन्नाथाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथे रस्त्यावरही असे नळ आहेत. भारतात असं करणारं ते पहिलं शहर.

पाण्याचा दुसरा थांबा म्हणजे टाकी. पालिकेच्या लाइनमधून पाणी जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवर चढतं आणि मग खोलीतल्या नळाला येतं. गच्चीवरच्या टाकीत उन्हाने क्लोरीन उडतो. झाकण फुटलेलं असेल तर कबुतरं, पालीही हजेरी लावून जातात. म्हणून लॉजवर “पाणी चांगलं आहे ना?” असं विचारून उपयोग नाही. उत्तर एकच येणार. “दादा, हे डायरेक्ट लाइनचं की टाकीचं? टाकी कधी धुतली?” असं विचारावं. काउंटरवरचा माणूस क्षणभर गोंधळला, तर त्यातच उत्तर मिळालं.

बाटलीची भिंत

भारतात बाटलीबंद पाण्याचा धंदा रुजला तो आपल्या ठाण्यात. १९६५ मध्ये वागळे इस्टेटमध्ये बिसलेरी या मूळ इटालियन नावाने पाणी भरायला सुरुवात झाली. काचेच्या बाटल्यांतलं ते पाणी मोठ्या हॉटेलांतल्या परदेशी आणि श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी होतं. फुकट मिळणारी वस्तू विकत कोण घेणार, असं तेव्हा अनेकांना वाटलं. १९६९ मध्ये पारलेच्या चौहान बंधूंनी तो धंदा विकत घेतला. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि पाणी एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत पोचलं.

बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते सहसा कुणी वाचत नाही. त्यात दोन जाती असतात. ‘नॅचरल मिनरल वॉटर’, मानक आयएस १३४२८, म्हणजे झऱ्याचं किंवा भूगर्भातलं मुळातच चांगलं पाणी, त्याची घडण न बदलता भरलेलं. ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’, मानक आयएस १४५४३, म्हणजे कुठूनही घेतलेलं पाणी प्रक्रिया करून भरलेलं. आपण ‘मिनरल’ म्हणून जे पितो ते बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचं असतं. बहुधा बोअरवेलचं पाणी वाळू आणि कोळशाच्या फिल्टरमधून काढतात, आरओच्या पडद्यातून दाबाने पार करतात, चवीसाठी थोडे क्षार घालतात, अतिनील किरणं आणि ओझोन देतात आणि बाटलीत भरतात. यात कमीपणा काही नाही. हे सगळं नीट केलं तर पाणी उत्तम असतं.

पण ओझोन जंतू मारून लवकरच विरून जातो, मागे काही ठेवत नाही. झाकण उघडलं की भिंत गेली. बाटलीला तोंड लावून प्यायलं की तोंडातले जंतू आत जातात, आणि बंद गाडीच्या उन्हात ते सुखाने वाढतात. म्हणून उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी. मुलांनी अर्धी पिऊन सीटखाली टाकलेली कालची बाटली आज पुन्हा तोंडाला लावू नये.

खरेदी करताना दहा सेकंद पुरतात. झाकणाखालची कडी अखंड हवी, आणि पिळताना ती कडकड तुटल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. झाकण गुपचूप फिरलं तर बाटली परत द्यावी. बाटली उलटी करून हलकेच दाबावी, थेंब गळला तर भिंतीला भोक आहे. उत्पादनाची तारीख, बॅच नंबर आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक लेबलवर असायलाच हवा. पूर्वी आयएसआय चिन्हाची सक्ती होती. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये उठली आणि त्यानंतर एफएसएसएआयने हे पाणी अतिजोखमीच्या अन्नपदार्थांच्या यादीत घातलं, म्हणजे कारखान्यांची तपासणी जास्त कडक झाली. नामांकित नावाचं एखादं अक्षर इकडेतिकडे केलेल्या बाटल्याही बाजारात असतात. घाईत नजर फसते, म्हणून नाव नीट वाचावं.

रेल्वेत हे सोपं आहे. आयआरसीटीसीने २००३ मध्ये दिल्लीजवळ नांगलोईला ‘रेल नीर’चा पहिला कारखाना काढला. आपल्याकडे अंबरनाथलाही तो आहे. सप्टेंबर २०२५ पासून लिटरची बाटली १४ रुपयांना मिळते. त्याहून जास्त मागितले तर ते नियमबाह्य. रिकामी बाटली मात्र चुरगळून टाकावी. अखंड बाटली गोळा करून, फलाटाच्या नळावर भरून पुन्हा विकणारे प्रवाशांच्या आळसावरच जगतात.

वीस लिटरच्या जारचं प्रकरण वेगळं. सीलबंद आणि परवाना क्रमांक असलेला जार ही एक गोष्ट, आणि लग्नकार्यात किंवा ढाब्यावर दिसणारा, वर नुसतं झाकण दाबलेला थंडगार जार ही दुसरी. त्या सुट्या पाण्यावर बाटलीबंद पाण्याचा कायदा नीट लागू होत नाही, आणि जार आतून कधी घासला गेला हे कुणीच सांगू शकत नाही. दुसऱ्या जारपेक्षा पालिकेच्या थेट लाइनचा नळ कितीतरी पटींनी बरा.

शेवटची वीतभर वाट

समजा पाणी केंद्रातून उत्तम निघालं, टाकीही धुतलेली आहे. मग खानावळीत पोऱ्या येतो. एका हातात चार भरलेले ग्लास, आणि चारही ग्लासांच्या आत त्याची चार बोटं. त्याच बोटांनी त्याने मघाशी टेबल पुसलेलं असतं. सात तलावांचं आणि दोन केंद्रांचं काम त्या वीतभर अंतरात वाया जातं. जगवर तोंड लावून ठेवलेला ग्लास, पाणपोईच्या रांजणात हातासकट बुडवलेलं भांडं, कूलरच्या साखळीचा सामाईक पेला, सगळ्यांची गत तीच. पाणपोईत लांब दांड्याचं ओगराळं असेल किंवा रांजणाला तोटी असेल तर ती जाणत्या माणसाने घातलेली पाणपोई. आपली बाटली काढून त्यात भरून घ्यावं.

बर्फाबद्दल एक मोठा गैरसमज आहे, की गोठल्यावर जंतू मरतात. ते सगळे मरत नाहीत, बरेच नुसते झोपतात, आणि बर्फ उसाच्या रसात वितळला की जागे होतात. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा असावा असा नियम आहे, म्हणजे मासळी किंवा माल थंड ठेवायची लादी ओळखता यावी. रसवंतीवर किंवा गोळेवाल्याकडे निळसर झाक दिसली तर तिथे विचारायचंही कारण नाही. रंगहीन बर्फसुद्धा कुठल्या पाण्याचा आणि लादी कुठून ओढत आणली, हे कळत नसेल तर “बर्फ नको” हे दोनच शब्द पुरेसे आहेत. बाटलीबंद पाणी प्यायचं आणि त्याच जेवणात बर्फ घातलेलं सरबत घ्यायचं, यात वीस रुपयेच वाया जातात.

पोट बिघडतं ते कशाने

प्रवासातल्या जुलाबांमागे सगळ्यात जास्त वेळा ई. कोलाय जिवाणूची एक विषारी जात असते. ती पाण्यातून येते तशीच, किंबहुना जास्त वेळा, अन्नातून येते: कापून ठेवलेली फळं, उघड्यावरची चटणी, पाणीपुरीचं पाणी. स्थानिक माणसाला तीच पाणीपुरी पचते, कारण त्याच्या आतड्यांची त्या जंतूंशी लहानपणापासून ओळख असते. म्हणून “इथले लोक पितातच की” हे तुमच्यासाठी प्रमाणपत्र नव्हे.

जुलाबांहून गंभीर म्हणजे विषमज्वर आणि कावीळ. विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसी मिळतात. वरचेवर फिरणाऱ्यांनी त्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. हिपॅटायटिस ई मात्र वेगळा. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती याच विषाणूची, आणि ती पाण्यातून पसरली. गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, तो जिवावर बेतू शकतो. त्यांच्याबाबतीत प्रवासात पाण्याची तडजोड नकोच.

उलट ज्या गोष्टीची आपण उगाच काळजी करतो ती म्हणजे टीडीएस. हे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी मचूळ लागतं, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण चवीवरून जंतू कळत नाहीत. टीडीएस कमी असलेल्या पाण्यात कावीळ असू शकते आणि जास्त असलेलं पाणी निर्जंतुक असू शकतं. फ्लोराइडचा त्रास खरा आहे, पण तो तिथे वर्षानुवर्षं पिणाऱ्यांचा. चार दिवसांच्या पाहुण्याने जंतूंची काळजी करावी, क्षारांची नाही.

परदेशात उलटा हिशेब

युरोपच्या सहलीला गेलेला मराठी माणूस खोलीत शिरताच पाण्याची बाटली शोधतो. बाथरूममधल्या बेसिनचं पाणी प्यायला मन धजत नाही. आपल्याकडे न्हाणीघर आणि माठ यांच्यात सात हातांचं अंतर असतं ना! पण स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, ब्रिटन इथे एकाच लाइनचं पाणी स्वयंपाकघराला आणि बेसिनला येतं, ते चोवीस तास दाबाखाली असतं आणि त्याची तपासणी कडक असते. व्हिएन्नाला तर १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी नळाला येतं. झुरिकच्या रस्त्यांवर बाराशेहून जास्त कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिता येतं. रोममध्ये ‘नासोनी’ नावाचे लोखंडी नळ १८७४ पासून अखंड वाहतायत. बाटली भरा आणि पुढे चला.

फक्त पाट्या वाचाव्यात. जर्मन भाषेत ‘काइन ट्रिंकवासर’ आणि फ्रेंचमध्ये ‘ओ नाँ पोताब्ल’ असं लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. आगगाडीच्या स्वच्छतागृहातही अशी पाटी दिसते. गरम पाण्याच्या नळाचं पाणी पिऊ नये, ते आधी टाकीत साठलेलं असतं. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत माळ्यावर टाकी असते, म्हणून तिथे स्वयंपाकघरातल्या थंड नळाचं पाणी घ्यावं. तिथेही प्रश्न शेवटी टाकीचाच. दुबईत समुद्राचं खारं पाणी गोडं करून नळाला येतं. केंद्रातून निघताना ते चांगलंच असतं, पुढे इमारतीची टाकी कशी आहे त्यावर सगळं.

हॉटेलात पैसेही वाचतात. फ्रान्समध्ये जेवताना ‘ऊन काराफ दो’ म्हटलं की नळाच्या पाण्याचा चंबू फुकट येतो. इंग्लंड-वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या जागी गिऱ्हाइकाला नळाचं पाणी फुकट देणं बंधनकारक आहे. जर्मनीत मात्र नुसतं ‘वासर’ मागितलं तर बहुधा बिलात लागणारी, आणि वर बुडबुड्यांची, बाटली समोर येते. सिंगापूर आणि जपानमध्ये नळाचं पाणी खुशाल प्यावं. थायलंड, बाली, काठमांडू इथे सीलबंद बाटली किंवा उकळलेलं पाणीच घ्यावं आणि दातही त्याच पाण्याने घासावेत. विमानतळावर सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली नेता येते. पलीकडे पाण्याचा नळ असतोच. विमानातलं टाकीचं पाणी पिण्यापेक्षा ते बरं.

जिथे दोन्ही नाहीत

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची खोदीव टाकी ही ट्रेकर्सची पाणपोई. खांबांवर छत असलेल्या टाक्यातलं पाणी सावलीत, थंड आणि बरंच स्वच्छ राहतं. उघड्या टाक्यात शेवाळ, पाला आणि माकडं. पण छताखालच्या पाण्यालाही पहारेकरी नाही. तो आपणच न्यायचा.

सगळ्यात खात्रीचा उपाय उकळणं. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. लेहसारख्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, म्हणून जंतू मरत नाहीत असं काहीजण सांगतात. ते खरं नाही. आजार देणारे जंतू त्याहून कमी तापमानाला मरतात, उंचीवर फक्त वेळ थोडा जास्त द्यायचा. हॉटेलच्या खोलीतली किटली याच कामाची. रात्री पाणी उकळून झाकून ठेवलं की सकाळची बाटली तयार.

क्लोरीनच्या गोळ्या हलक्या आणि स्वस्त. पाणी गढूळ असेल तर आधी गाळावं, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. गोळी टाकून किमान अर्धा तास थांबावं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाहीत. उलट ट्रेकिंगचे पोकळ धाग्यांचे फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, पण विषाणू त्यांतून निसटतात. म्हणून शंका असेल तिथे दोन्ही वापरावं, किंवा सरळ उकळावं.

आणि कापडाने गाळणं? आपल्या आज्यांच्या या सवयीला कमी लेखू नये. बांगलादेशातल्या गावांत जुन्या सुती साडीचे चार पदर करून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी साडीत अडकतात. महाराष्ट्रातल्या खेड्यांना छळणारा नारू भारतातून गेला, त्यातही गाळण्याचा मोठा वाटा होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला. पण सुटे जिवाणू आणि विषाणू कापडातून आरपार जातात, म्हणून गाळणं ही पहिली पायरी, शेवटची नव्हे.

एवढं करूनही पोट बिघडलंच, तर पहिलं औषध पाणीच. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण रिकामी करावी, अर्धी नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी थांबणं किंवा मूल मलूल होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढचा कार्यक्रम रद्द करून दवाखाना गाठावा.

नळ सोडून देऊ नये

मुंबईत घरगुती वापराचं पाणी हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत मिळतं. बाटलीचं लिटरला वीस, म्हणजे किमान दोन हजार पट. त्यात प्लास्टिक आलंच. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाटलीतल्या एका लिटर पाण्यात सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोजले गेले. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे अजून ठरायचंय. रिकाम्या बाटल्यांचा परिणाम मात्र गडाच्या पायथ्याला दिसतोच. सिक्कीमने १ जानेवारी २०२२ पासून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर बंदी घातली. तिकडे जाणाऱ्याने स्टीलची बाटली न्यावी.

पैसा आणि प्लास्टिक यांच्यापलीकडेही एक हिशेब आहे. १९०१ मध्ये लहानगा भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला. मसूरला आगगाडीतून उतरून पुढचा प्रवास बैलगाडीने. शिदोरी सोबत होती, पण जात कळल्यावर वाटेत कुणी पाणी दिलं नाही. पाण्यावाचून घास उतरेना, मुलं उपाशी झोपली. २६ वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली ती त्याच पाण्यासाठी. फलाटावरचा नळ कुणाला जात विचारत नाही आणि पैसेही मागत नाही. ऐपत असलेले सगळे बाटलीकडे वळले, तर त्या नळाकडे बघायला ऐपत असलेलं कुणी उरत नाही. मग तो गळतो, शेवाळतो, शेवटी कोरडा पडतो, आणि जनरल डब्यातल्या माणसालाही बाटली घ्यावी लागते.

म्हणून परवाना वाचून बाटली जरूर घ्यावी, पण ती अडीअडचणीला. रोजची सोबत घरून भरलेल्या स्वतःच्या बाटलीची, आणि ती पुन्हा भरायची ती डायरेक्ट लाइनवर. गाडीला उशीर झाला की आपण लगेच १३९ फिरवतो. फलाटावरच्या नळाला पाणी नसलं किंवा त्याच्या तोंडाशी घाण असली, तरी तक्रारीला तोच नंबर चालतो.